मेलेल्या माणसाची परवानगी

भालचंद्र खोतांनी अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम स्वतःच्या आवाजात बनवला, सगळ्यांना फुकट दिला आणि वर्षभरातच ते वारले. रणदिवे साहेबांनी तो आपल्या कंपनीच्या यंत्रात घातला आणि खोतांचं नाव काढायला सांगितलं.

प्रोग्रामर हेमांगीने साहेबांसमोरच, खोतांनी प्रोग्रामसोबत दिलेली परवान्याची फाईल त्याच यंत्राला वाचायला दिली. बंद खोलीत खोतांचा आवाज संथपणे बोलू लागला, "कुणीही वापरा, विका, फक्त माझं नाव सोबत ठेवा." मागोमाग त्यांनी घेतलेला श्वासही ऐकू आला.

साहेबांच्या अंगावर काटा आला. तरी ते म्हणाले, "मेलेल्याची अट कोण पाळतं?"

"साहेब, वापरायची परवानगीही त्यांचीच आहे," हेमांगी म्हणाली. "अट त्यांच्याबरोबर गेली असेल, तर परवानगीही गेली."

यंत्राकडे न बघता साहेब पुटपुटले, "नाव राहू दे."