जरीचा लंगोट

एकदा एका वृद्ध वस्तादांकडे त्यांचा जुना शिष्य एक विनंती घेऊन आला. सर्जेराव त्याचे नाव. हमालाचा मुलगा; वस्तादांनी त्याला नऊ वर्षे तालमीत ठेवून घडवले होते. पुढे गुडघा निकामी झाला, कुस्ती सुटली, तेव्हा तो संगणक शिकला आणि शहरात दोन भागीदारांसह त्याने मोबाइलवरचा कुस्तीचा एक खेळ काढला. गावोगावची लाखो मुले आता तो खेळ ऑनलाइन, एकमेकांशी खेळत होती.

"वस्ताद, तुमच्या नावाचा फेटा खेळात आणायचाय," पाया पडून तो म्हणाला. "फक्त होकार द्या."

"फेटा बांधला की पैलवानाचा जोर वाढतो काय?"

"नाही, नुसता दिसायला. खेळ फुकट आहे. आमची कमाई फेट्यांवर, लंगोटांवर, गदांवर."

"किंमत काय ठेवलीस?"

सर्जेराव जरा अडखळला. किंमत अशी नव्हतीच. पैसे देऊन खेळातली नाणी घ्यायची, त्या नाण्यांनी एक पेटी उघडायची आणि पेटीतून काय निघेल ते आपले नशीब. शिवाय फेटा सातच दिवस मिळणार, म्हणून पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ असणार.

"आणि ज्याच्याकडं यातलं काहीच नाही, तो?"

"तो साध्या लंगोटावर खेळतो. बाकीची पोरं त्याला 'उघडा' म्हणतात, जोडीला घेत नाहीत." सर्जेराव हसला. "म्हणून तर घेतात ना!"

वस्ताद हसले नाहीत. "आठ दिवस इथं राहा," ते म्हणाले. "मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या दारात एक पत्र्याची पेटी होती आणि भिंतीवर खुंट्यांना जरीच्या काठाचे लाल मखमली लंगोट टांगलेले होते. वस्तादांनी मुलांना जमवून सांगितले, "दहा रुपयांना एक चिठ्ठी. नशिबात असेल त्याला जरीचा लंगोट. जरीवाले कुस्तीच्या हौद्यात आधी उतरतील आणि आपली जोड आपण निवडतील. कुस्ती सगळ्यांना पहिल्यासारखीच फुकट."

मुले एकमेकांकडे पाहू लागली. सर्जेराव तर चक्रावलाच. ज्या माणसाने आयुष्यभर सावकाराच्या आणि हमालाच्या पोराला एकाच मातीत घोळवले, त्याला म्हातारपणी हे काय सुचले? पण वस्तादांना उलट विचारण्याची रीत नव्हती.

बहुतेक चिठ्ठ्यांवर 'पुन्हा ये' असेच लिहिलेले असे. तरी तिसऱ्या दिवशी पाच मुलांच्या कमरेला जर चमकू लागली. चौथ्या दिवशी मुलांनी डाव पाहणे सोडले. ती एकमेकांच्या कमरेकडे पाहू लागली. जोर मारताना गप्पा त्याच, अंगाला माती लावताना गप्पा त्याच. बिरू नावाचा तेरा वर्षांचा धनगराचा मुलगा तालमीत सर्वांत चपळ होता. ढाक हा डाव त्याच्यासारखा कुणाचा बसत नसे. त्याची चिठ्ठी काही लागेना. जरीवाले त्याला जोडीला घेईनात आणि त्यांचे पाहून साधेही घेईनात. तो कोपऱ्यात एकटाच बैठका मारू लागला.

सहाव्या दिवशी बैठका मारता मारता बिरू कोसळला.

सर्जेराव धावला. पोराच्या तोंडावर पाणी मारले, पाय चोळले. बिरूने डोळे उघडल्यावर त्याने विचारले, "सकाळपासून काय खाल्लंस?" बिरूने मान फिरवली. शेवटी शेजारच्या मुलाने सांगितले. घरून दुधाबदामासाठी आलेले आठवड्याचे पैसे बिरूने पेटीत घातले होते. चार दिवस तो खुराकावाचून मेहनत करत होता.

सर्जेरावाचे मस्तकच फिरले. त्याने पेटी लाथेने उडवली, खुंट्यांवरचे लंगोट ओरबाडून मातीत फेकले आणि जन्मात पहिल्यांदा तो वस्तादांवर ओरडला.

"वस्ताद, लाज नाही वाटत? लेकराच्या तोंडचं दूध काढलंत! तालीम नासवलीत तुम्ही!"

वस्ताद जागचे उठले.

"वाटते," ते म्हणाले. "सहा दिवस वाटतेय. सहा दिवस डोळ्याला डोळा नाही. तू किती वर्षं झोपतोयस, सर्ज्या?"

वस्ताद आणखी जवळ आले.

"मी आठ दिवसांचं ठरवलं होतं. वाटलं, तुला दाखवावं आणि पेटी मोडावी. पोरगं उपाशी राहील हे माझ्या ध्यानात आलं नाही. ते पाप माझ्या माथी आहे, मी फेडीन. पण माझा बिरू माझ्या डोळ्यांदेखत पडला. तुझा बिरू कुठल्या गावात पडतो, तुला कळतं तरी काय? नटण्यात वाईट काही नाही. फेटा दुकानात मांड, किंमत लिही, हौस असेल तो घेईल. तू फेटा विकत नाहीस. तू आधी पोराला उघडा पाडतोस आणि मग त्याला कापड विकतोस. तू इथं आलास तेव्हा अंगात फाटकी बंडी होती. ती काढलीस, माती लावलीस आणि कुणाला कळलं नाही तू कुणाचा. जगात तेवढी एकच जागा होती तुझ्यासारख्यांना. तिथंही गल्ला मांडलास?"

मग वस्ताद बिरूजवळ गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी त्या तेरा वर्षांच्या मुलापुढे हात जोडले. "चुकलो, बाळ. सगळ्यांचे पैसे आत्ता परत मिळतील. पेटी संपली."

बिरू धडपडत उठून बसला. त्याचा चेहरा पडला होता.

"एवढ्यात नको, वस्ताद," तो कळवळून म्हणाला. "उद्या माझी लागणारच होती."

वस्तादांच्या बोलण्यानेही न शमलेला सर्जेरावाचा राग या एका वाक्याने विझला, आणि मागे जे उरले त्याच्याकडे त्याला पाहवेना. भागीदारांच्या बैठकीत असली वाक्ये त्याने आकड्यांच्या रूपात अनेकदा ऐकली होती. शंभरातली इतकी मुले दुसऱ्या दिवशी परत येतात, असे कुणी सांगितले की टाळ्या पडत. त्यानेही वाजवल्या होत्या.

होकार न मागताच तो शहरात परतला. पेटी बंद करा, घड्याळ काढा, वस्तूंवर सरळ किमती लिहा, असे त्याने भागीदारांना सांगितले. ते आधी हसले, मग चिडले. "आपण कुणावर जबरदस्ती करतो का?" त्यांनी विचारले. सर्जेराव पाच महिने भांडला आणि हरला. ज्या कंपनीला त्याने जन्म दिला, तिच्यातून तो बाहेर पडला. तो खेळ आजही चालू आहे, पूर्वीपेक्षा जोरात.

तो गावी आला तेव्हा वस्तादांनी हौद्याकडे बोट दाखवले. एक फावडे त्याच्या हाती दिले आणि दोघे मिळून हौद्यातली माती उकरू लागले.

वाचकहो, कुस्तीत हरलेले पोर दुसऱ्या दिवशी उठून उभे राहते. आपण खेळायच्याच लायकीचे नाही असे ज्याच्या मनात भरवले, त्याला कोण उभे करणार?