हिरवी ओळ

"मग त्या म्हाताऱ्याला मठातून काढणार कधी, फादर?"

एव्हारिस्तनं हे तिसऱ्यांदा विचारलं. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठचा हा मठ, आणि त्यात सगळ्यात ताठ मान याची. इतकी ताठ, की याच्या प्रार्थनेला देवच जरा खाली वाकत असेल.

मठाचे प्रमुख फादर मायूल. कान मोठे, उत्तरं छोटी.

दोन वर्षांत खालच्या गावांतले द्राक्षमळे वाळून गेले होते. वाइनच्या पिंपांत कोळी राहायला आले होते. मठात पहिली मेली ती ब्रदर सिफ्रेंची वेलींची ओळ. शेजारचीच एव्हारिस्तची ओळ मात्र हिरवीगार.

आठवडाभर सत्तरीचा सिफ्रें एकटाच मेलेल्या वेली उपटत होता. मदतीला कुणी गेलं नाही. शाप म्हणे बोटांना चिकटतो. लॅटिन येणारे तर चार पावलं जास्तच लांब उभे राहिले.

"त्याचं पाप भोवलंय," एव्हारिस्त म्हणाला. "नाहीतर माझ्या वेलींना का नाही काही झालं?" त्यानं अर्ज पुढे केला. खाली अकरा सह्या. "आज सभेत वाचतो. थंडीच्या आत गेलेला बरा."

"जाईल कुठे?"

"ते देव बघेल."

फादरांनी अर्ज घेतला आणि त्याला मळ्यात नेलं. त्याच्या हातात कुदळ दिली.

"त्याची एक उरलेली वेल उकर."

धपाधप उकरली. फादरांनी वाचायचं भिंग पुढे केलं.

"काय दिसतंय?"

"कुजलेली मुळं."

"किडा?"

"...एकही नाही."

"आता तुझी उकर."

"माझी कशाला? माझी चांगली आहे की!"

फादरांनी भिंग बाहीला पुसलं आणि हिरव्या ओळीकडे बोट केलं.

एव्हारिस्त खाली बसला. आता कुदळ कशी चालत होती म्हणता? झोपलेल्या बाळाची दुलई काढावी तशी.

मुळाला गाठी आल्या होत्या. गाठींवर पिवळे किडे, मोहरीहून बारीक, मांडीला मांडी लावून पंगतीला बसलेले.

"पण... पानं तर हिरवी आहेत, फादर."

"म्हणूनच इथे आलेत."

"आणि सिफ्रेंच्या वेली..."

"खाऊन झाल्या."

एव्हारिस्तनं आपल्या ओळीकडे पाहिलं. नदीपर्यंत गेलेली, वाऱ्यावर डुलणारी हिरवी ओळ. अकरा वर्षं यानं तिला पोरीसारखं वाढवलं होतं.

"किती दिवस आहेत हिचे?"

फादरांनी ते मूळ अर्जाच्या कागदात गुंडाळलं आणि त्याच्या हातात ठेवलं. पलीकडे सिफ्रें शेवटचा खुंट ओढत होता. ओढायचा, थांबायचा, धापा टाकायचा, पुन्हा ओढायचा.

"फादर... आता मी काय करू?"

"सिफ्रेंला जाऊन विचार, उद्या वेळ आहे का. वेली उपटायचं काम आपल्यात त्यालाच येतं."