कात्रीनं साफ केलेले माग

“मग परदेशातला पैसा इथं यायचा कसा, तात्या? तुम्हीच सांगा.”

विचारणारे होते टिळेकर साहेब. उद्योग खात्यातले. करोनातून देशाचं अर्थकारण वर काढायचं कंत्राट जणू एकट्यालाच मिळालंय, अशा चालीनं चालायचे. सात देशांत जाऊन पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून आले होते. त्यांतला एक देश खरंच पटला. त्याचे पाहुणे उद्या अकराला सोलापुरात येणार. माग चालताना दिसले तर करारावर सही. सही झाली तर दोन वर्षं बंद असलेला कारखाना सुरू. नाहीतर दोनशे विणकर आणखी घरी.

आणि माग काही चालेना.

म्हणून साहेबांनी राजमल्लूतात्यांना गाडीत घालून आणलेलं. वय ऐंशीच्या पुढं, दात तीन. सोलापुरातले निम्मे विणकर त्यांच्या हाताखाली शिकले, उरलेले निम्मे त्यांच्या शिव्या खाऊन.

तात्या आत शिरले. मागांच्या रांगेतून फिरत राहिले.

माग कसे, तर नवरदेवासारखे नटलेले. हिरवागार रंग, अजून ओला. तात्यांचं बोट चिकटलं. त्यांनी ते शांतपणे साहेबांच्या बाहीला पुसलं.

“जुने धागे कुठं गेले?”

“कुठले?”

“मागावरचे. माग बंद पडला तरी हातभर शेपटं फणीत राहतेत की.”

“ते होय. काढून टाकले. धूळ, जळमटं… पाहुण्यांना कसं दिसलं असतं?”

“कशानं काढले?”

“कात्रीनं.”

तात्या हसले. तिन्ही दात दिसले.

“नवं सूत त्या शेपटांना गाठी मारून जोडायचं असतंय, साहेब. मग जुनं ओढलं की नवं आपसूक आत येतंय. अर्ध्या दिवसाचं काम. आता एकेक धागा फणीतून ओवा. एका मागाला चोवीसशे.”

साहेबांनी मनात गुणाकार केला. पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

“करोनानं सगळं तोडून टाकलं बघा.”

“करोनानं थांबवलं. तोडलं तुम्ही. परवा.”

…

तात्यांनी धोतर सावरलं आणि मागासमोर फतकल मारली. बारीक आकडा घेतला, फणीतून पलीकडं घातला.

“मागल्या बाजूला जावा. एक धागा द्या.”

साहेब गेले. पहिल्या खेपेला दोन दिले. दुसऱ्या खेपेला एकही नाही.

“आकड्यात अडकवा. माझ्या डोळ्यात नको.”

खिशात फोन वाजायला लागला. साहेबांचे दोन्ही हात सुतात. फोन वाजून वाजून दमला, गप्प झाला.

दहा धागे… अकरा… बारा…

“उद्या अकरापर्यंत एक तरी माग होईल?”

“नाही.”

“मग त्यांना दाखवू काय मी?”

तात्यांनी तेरावा धागा ओढून घेतला.

“किती जण येणारेत?”

“चार.”

“बरं झालं. धागा द्यायला माणसं कमीच पडायलेत.”