ताम्रकाचा वर आणि शिंशुमारीचा शाप

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, पश्चिमसागराच्या तीरावर, गव्हाच्या शिवारांनी वेढलेल्या आश्रमात दार्भायण नावाचे महातपस्वी मुनी राहत असत. त्यांच्या तपाचा साठा मोठा होता, आणि आपल्या पारखीचा अभिमान त्याहून मोठा.

एकदा त्यांच्याकडे दोन याचक आले. एक ताम्रक, धुळीसारखा सूक्ष्म, सुवर्णकांतीने झळकणारा. दुसरी शिंशुमारी, देवमाशाच्या कुळातली, समुद्रात राहूनही पिल्लाला दूध पाजणारी, काळीभोर, अवजड. ती खाडीच्या मुखाशीच थांबली.

ताम्रक म्हणाला, "हे तपोनिधे, पानावर मावेल एवढीच जागा द्यावी."

शिंशुमारी म्हणाली, "मुनिवर, माझ्या लेकरासाठी ही शांत खाडी द्यावी."

मुनींनी दोघांची तुलना केली. म्हणजे नुसते वरवर पाहिले. "तथास्तु, ताम्रका! गव्हाचे प्रत्येक पान तुझे. आणि हे स्थूलदेहे, तू ना धड मत्स्य, ना धड पशू, आणि मागणे अख्ख्या खाडीचे? जा, जळात राहशील, पण जळात तुला श्वास मिळणार नाही!"

ताम्रक वाऱ्यावर स्वार झाला. पाहता पाहता शिवारे तांबडी पडली, ओंब्यांत दाणा भरेना. मुनिपत्नी सुमेखलेने रिकामे सूप पतीपुढे ठेवले. "स्वामी, आपल्या वराने गावोगावच्या चुली विझल्या." मुनींना तिच्याकडे पाहवेना.

वर मागे घेण्याच्या संकल्पाने ते स्नानाला समुद्रात उतरले. उपासाने खंगलेला देह लाटेने ओढून नेला. नाकातोंडात पाणी गेले. तोच एका गुळगुळीत पाठीने त्यांना खालून उचलले आणि वाळूपाशी आणून सोडले.

"शिंशुमारी! मी तुला शापिले, आणि तू मला तारलेस?"

"तारायला आले नव्हते, मुने. आपल्या शापापासून माझे लेकरू जन्मताच गुदमरते, त्याला श्वासासाठी वर उचलावे लागते. बुडणारे काही दिसले की पाठ आपोआप खाली जाते. आपण आहात, हे नंतर कळले."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मुनींना झाले. शरमेने ते कसेबसे म्हणाले, "माते, वर माग."

"त्या शेतांवर दिसतो, तो आपलाच वर ना? मला नको."

दिलेला वर परतला नाही, दिलेला शापही नाही. म्हणून गव्हावर अजून ताम्रकाचा तांबेरा रोग पडतो, आणि शिंशुमारीला श्वासासाठी वर यावे लागते. दार्भायणांनी पुढे कोणाला वर दिला नाही, शापही दिला नाही. समुद्रावर तिचा फूत्कार ऐकू आला की ते जप थांबवीत आणि मान खाली घालीत.