डाव्या खाचेचा चाकू

कट्.

एवढासाच आवाज, वाळकी शेंग फुटावी तसा. पण घाटाखालच्या एका गावात तो पहिल्यांदा झाला, तेव्हा एका तरुण लोहाराचं जेवण गार झालं. त्याच्या हातात त्यानंच घडवलेला चाकू होता, आणि तो चाकू मिटत होता. पातं मुठीत शिरत होतं, आतली पोलादी कमान त्याला धरून ठेवत होती, आणि धरताना म्हणत होती, कट्. त्या मुलखात तोवर चाकू म्हणजे उघडं पातं. कमरेला खोचलं तर धोतर फाडायचं, पिशवीत टाकलं तर पिशवी. लोहारानं तो चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आता त्याला मिटू द्या आणि तुम्ही तोंड उघडा," त्याची बायको म्हणाली. "भाकरी वाट बघतेय."

त्या उन्हाळ्यात त्यानं असे एकवीस चाकू केले. गावच्या जत्रेत सकाळी मांडले आणि दुपारच्या आत संपले. पण संध्याकाळी लोक कुरकुरत परत आले. मिटलेला चाकू उघडायचा, तर पात्याला नख अडकवायला एक बारीक खाच लागते. लोहार होता डावरा. त्यानं ती खाच आपल्या हाताला सोयीची अशा बाजूला पाडली होती. उजव्या हाताच्या माणसाला ती सापडेचना.

"लोहारदादा, तुमचा चाकू रुसलेल्या जावयासारखा आहे," पानवाला म्हणाला. "तोंड फिरवून बसतो."

सगळे हसले. लोहार हसला नाही. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला म्हणून त्यानं पुष्कळ चापट्या खाल्ल्या होत्या. तो हात आता चारचौघांत पुन्हा उघडा पडला होता. त्यानं तिथल्या तिथं सांगितलं, "उलटा चाकू आणा, सुलटा घेऊन जा. पैसा लागणार नाही. हा माझा शब्द, कधीही या."

एकवीसांतले अठरा चाकू परत आले. लोहारानं ते भट्टीत लाल केले आणि ठोकून त्यांचे खिळे केले. उरलेल्या तीन चाकूंपैकी एक नदीत पडला, एक कुणीतरी गोसाव्याच्या झोळीत घातला, आणि तिसऱ्याचा पत्ता लागला नाही. तेव्हापासून लोहारानं सगळे चाकू उजव्या हाताचे केले. हातोडा मात्र डाव्याच हातात राहिला. म्हणून तो रस्त्याकडे पाठ करून बसू लागला.

अशी पन्नास वर्षं गेली.

लोहाराच्या चाकूंचं नाव झालं. कलमं बांधणारे माळी, हार गुंफणारे, धनगर, सगळ्यांच्या कनवटीला त्याचा चाकू. मुलगा बाजारोबाजार माल घेऊन फिरे. बायको मागंच देवाघरी गेली होती. भट्टीचा भाता सून ओढायची. आणि एका हिवाळ्यात घाव बसता बसता ऐरण तडकली. एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा धड राहिली, तिथंच तो कसंबसं काम रेटू लागला. ऐरण गेली की लोहार हात असून थोटा. नवी घ्यायची ऐपत नव्हती.

अशात एक दिवस घोड्यावरून एक कारभारी आला. दूरच्या शहरातल्या एका हौशी इनामदाराचा तो माणूस. इनामदाराला जुन्या चाकूंचा नाद होता. काचेच्या झाकणाची पेटी, आत मखमल, आणि मखमलीवर मुलखामुलखाचे चाकू. गोसाव्याच्या झोळीतला तो चाकू फिरत फिरत त्याच्या पेटीत पोचला होता.

"बाबा, तुमच्या बाकीच्या चाकूंना बाजारभाव आहे," कारभारी म्हणाला. "पण त्या पहिल्या एकवीसांची गोष्ट न्यारी. माल पहिल्या खेपेचा असावा, थोडा असावा, आणि त्यात कारागिराची काहीतरी चूक असावी. मग हौशी माणूस त्याच्यासाठी वेडा होतो."

"चूक कशाला हवी?" लोहारानं विचारलं.

"चुकीवरून तर ओळख पटते. डाव्या खाचेचा आणखी एक चाकू काढून द्या. दोन दुभत्या म्हशींची किंमत देतो."

भात्याचा आवाज थांबला. सून कान देऊन ऐकत होती.

"उशीर केलात," लोहार म्हणाला. "अठरांचे मी खिळे केले."

कारभाऱ्यानं मनाशी हिशेब केला. "म्हणजे या गावच्या दारांना छत्तीस म्हशी ठोकल्यात म्हणायच्या." तो उठला. "पुढच्या बाजाराला येतो. सापडला तर बघा. एका चाकूत तुमची ऐरण येईल आणि वर उरेल."

चार दिवसांनी नदीपलीकडची धुरपदा आली. ती बांबूच्या टोपल्या, सुपं विणायची. वय साठीला टेकलेलं. डोक्यावरची टोपल्यांची चळत उतरवून तिनं कनवटीचा चाकू काढला आणि लोहारापुढं धरला.

"दादा, ह्याची कमान ढिली झालीया. कामट्या सोलताना मधीच मिटतो. परवा बोट जायचं राहिलं."

लोहारानं चाकू हातात घेतला. पातं झिजून करंगळीएवढं उरलं होतं. मूठ घामानं काळी, गुळगुळीत झाली होती. त्याचं नख आपोआप खाचेत गेलं. खाच डाव्या हाताची होती.

त्यानं चाकू उजेडात धरला. मग म्हणाला, "हा कुठं मिळाला तुला?"

"तुम्हीच दिला की. जत्रेत. मी आठ वर्सांची असंन. आईला म्हनलं, मला ह्योच पायजे. आई म्हनली, पोरगीबी डावरी, चाकूबी डावरा, राहू दे दोघं एका घरात."

"पण मग परत का नाही आणलास? सगळ्यांनी आणले."

"त्यांना उलटा होता," धुरपदा म्हणाली. "मला कुठं उलटा होता? पन्नास वर्सं ह्याच्यावर पोट भरलंय माझं. तीन पोरी उजवल्या." मग तिनं जरा चाचरत विचारलं, "कमान बसत नसंल तर ऱ्हाऊ द्या. तुमचा शब्द होता म्हनं, जुना आणा, नवा न्या. अजून देता का बदलून? उजव्या हाताचा असंल तरी चालवीन. या वयात बोट गमावन्यापरीस ते बरं."

सुनेनं भाता सोडला आणि ती सासऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामंजी, द्या की बदलून. तीच मागतेय. शब्दही आपलाच आहे. यात खोटं काय?"

आणि खरंच, त्यात खोटं काहीच नव्हतं. दुकानात नवेकोरे चाकू टांगलेले होते. एक काढून द्यायचा अवकाश, म्हातारी आशीर्वाद देत गेली असती. चोरी नाही, फसवणूक नाही, बदलून द्यायचा शब्द पाळल्याचं वर पुण्य. समोर तडकलेली ऐरण होती. लोहारानं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं हातातल्या चाकूकडं पाहिलं. ज्या चाकूपायी आपण पन्नास वर्षं रस्त्याकडं पाठ करून बसलो, त्यानं नदीपलीकडं एका बाईचं घर चालवलं होतं. आपल्या हातचं काम चुकलं नव्हतं. ते फक्त चुकीच्या हातांत गेलं होतं, आणि हा एक तेवढा बरोबर हातात पडला होता.

अशा चाकूची अदलाबदल करताना तोंड मिटून बसणं त्याला जमेना.

"धुरपदा, खाली बस," तो म्हणाला. "या चाकूची किंमत दोन म्हशी आहे."

ती हसली. "सकाळपासून काही खाल्लं नाही का, दादा?"

मग लोहारानं तिला सगळं सांगितलं. इनामदार, काचेची पेटी, कारभारी, बाजाराचा दिवस. धुरपदा ऐकत राहिली. सून मात्र पुन्हा भात्याशी गेली आणि तो इतक्या जोरानं ओढू लागली की ठिणग्या आढ्यापर्यंत उडाल्या.

"विकू का मग?" धुरपदानं विचारलं. "तुम्ही केलाय, तुम्हीच सांगा."

"मला विचारू नकोस. माझी ऐरण फुटलीय. या बाबतीत आज माझा सल्ला सरळ निघायचा नाही."

धुरपदानं तडकलेल्या ऐरणीवरून बोट फिरवलं. "विकला तर मी कामट्या कशानं सोलू?"

"त्याची काळजी नको. तुझ्या हाताचा करून देतो."

त्या दुपारी लोहारानं आपली बैठक फिरवली आणि तो रस्त्याकडं तोंड करून बसला. ऐरणीच्या धड कोपऱ्यावर, डाव्या हातानं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत त्यानं पातं घडवलं, पाणी दिलं, कानशीनं खाच पाडली. म्हातारा झालेला पानवाला काठी टेकत थांबला. म्हणाला, "काय हो, जावई पुन्हा रुसला का?"

"रुसला नाही," लोहार म्हणाला. "त्याचं खरं सासर आत्ता सापडलं."

बाजाराच्या दिवशी धुरपदा चाकू विकायला आली आणि कारभारीही आला. त्यानं भिंग लावून जुना चाकू उलटापालटा केला. खाच बरोबर, बिजागरीचा खिळा हातानं ठोकलेला, मूठ बाभळीची. पहिल्या खेपेचा, शंका नाही. पण त्यानं तोंड वाकडं केलं.

"फार वापरलेला आहे हो. पातं अर्धं गेलंय. इनामदारांच्या पेटीतला बघा, कोराकरकरीत. वापरलेल्या मालाला निम्मी किंमत."

धुरपदाचा चेहरा पडला. पण लोहार शांतपणे म्हणाला, "कारभारी, तुमच्या पेटीतल्या चाकूनं कधी लिंबू तरी कापलंय का?"

"छे, त्याला कुणी हातसुद्धा लावत नाही."

"मग तो कापतो की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. तो केला तेव्हा मी शिकाऊ होतो, मलाही खात्री नाही. ह्यानं पन्नास वर्षं बांबू सोललाय. हा कापतो, हे अख्ख्या नदीकाठाला माहीत आहे. बनवणाऱ्याला कुणी विचारलं, की एकवीसांतला तुझा कोणता, तर मी ह्याच्यावर बोट ठेवीन. इनामदारांना तसंच सांगा."

कारभाऱ्यानं चाकू पुन्हा भिंगाखाली धरला. या वेळी तो खाच बघत नव्हता, पातं बघत होता.

"तुम्ही असं बोललात, हे मी कागदावर उतरवून खाली तुमचा अंगठा घेतला तर चालेल?" त्यानं विचारलं.

"दोन्ही हातांचे घ्या."

"मग इनामदार दोन म्हशींना नाही म्हणायचे नाहीत."

आता धुरपदा पुढं सरकली. तिला कंठ फुटला होता. "एक म्हस द्या. आन् दुसरीच्या जागी ऐरण द्या."

"ऐरण? तुम्हाला? टोपल्या काय ऐरणीवर विणता?"

"तुमी आपली आना. चांगली जडशीळ बघून."

सुनेच्या हातातली भात्याची दोरी निसटली. लोहार गडबडून म्हणाला, "अगं, चाकू तुझा आहे. किंमत सगळी तुझी."

"माझी कशी?" धुरपदा म्हणाली. "मी तर बदलून घेऊन आनंदानं घरी चालले होते. दोन म्हशी तुमच्या तोंडातनं निघाल्या, दादा. मला तर त्या दिसतबी नव्हत्या. आन् ऐरण नसंल तर पुढच्या डावऱ्या पोरींना चाकू कोन करील?"

पंधरवड्यानं कारभारी बैलगाडी घेऊन आला. गाडीच्या मागं एक काळीभोर म्हैस बांधलेली होती आणि गाडीत गवतावर नवी ऐरण. ती उतरवायला चार गडी लागले. सून आरती घेऊन आली. पानवाला काठी टेकत आला. अर्धं गाव जमलं.

कारभाऱ्यानं धुरपदाकडून जुना चाकू घेतला आणि रेशमी रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. लोहारानं डाव्या हातात हातोडा घेतला, सगळ्यांच्या समोर, आणि नव्या ऐरणीवर पहिला घाव घालण्याआधी तो धुरपदाकडं वळला. आधी तू हात लाव, अशी त्यानं तिला खूण केली.

धुरपदानं ऐरणीवर हात ठेवून ती हलते का ते पाहिलं. कनवटीचा नवा चाकू चाचपला. मग तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर टोपल्या घेतल्या, म्हशीचं दावं डाव्या हातात धरलं, आणि ती नदीच्या वाटेनं निघून गेली.

या गोष्टीतलं गाठीला बांधायचं ते एवढंच: दुसऱ्याच्या वस्तूचं मोल त्याच्या आधी आपल्याला कळलं, तर ते त्याला सांगून टाकावं. वापरानं पातं झिजतं, पण खरं बोलण्यानं कारागिराचं नाव झिजत नाही.