जळक्या नागाची अखंड कात

एका राज्यात सूर्य आधी राजवाड्याच्या तुळशीवर उगवायचा, मग बाकीच्यांवर. तिथला राजा धवलसेन. त्याला एक लेक, कुमुदिनी.

नागपंचमीला भुई खणू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. राजाला मात्र स्वप्नात धन दिसलं, आणि त्यानं त्याच दिवशी कुदळ घातली. धन निघालं. धनावर नाग निघाला. नागामागून मांत्रिक निघाला.

मांत्रिक म्हणाला, "राजा, ज्याचं घर फोडलंस त्याच्याच कातीत तुझा जीव. हा नाग तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड कात टाकील, ती तुझ्यावर पांघरली की तू माणूस. तोवर दगड."

कुदळीसकट राजाचा दगड झाला. कुमुदिनीनं नाग घरी आणला, टोपलीत पाळला.

थंडी पडली. पोरीला नागाची कीव आली, तिनं टोपली शेगडीला चिकटवून ठेवली. नाग ऊब घेत पडून राहिला. पोट भाजलं तरी हलला नाही. सापाला अंगाखालचा चटका लवकर उमगत नाही, त्याची जातच तशी.

राजाची बहीण, आत्याबाई, धावत आल्या. त्यांनी जखमेवर हळद थापली, तूप चोपडलं, वरून दूध ओतलं. दूध नासलं, हळद चिकटली, जखमेला वास मारू लागला.

तेव्हा पेरूच्या झाडावरून भारद्वाज बोलला, "राजकन्ये, तीन कामं सांगतो."

"तू तर साप खातोस."

"म्हणून तर कातडं ओळखतो. पहिलं काम, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून जखम धू. तूप नको, हळद नको. दुसरं, शेगडी दूर सार. ऊब खोलीला दे, टोपलीला नको. खाली धुतलेलं सुकं फडकं घाल, मळलं की बदल. तिसरं काम अवघड आहे."

"कोणतं?"

"कात सुटताना हात लावायचा नाही."

पहिली दोन कामं कुमुदिनीनं केली. वास गेला, जखम सुकली. नागाचे डोळे दुधाळ झाले, अंग मळकट झालं. कात सुटायची वेळ आली, तशी तिनं ओल्या शेवाळाचं भांडं आत ठेवलं आणि हात पदरात बांधून बसली. नाकापासून कात उलटत निघाली, आणि भाजल्या जागी अडली.

आत्याबाई म्हणाल्या, "माझा भाऊ तिकडं उन्हात उभा. एवढीशी तर अडलीय."

"आत्याबाई, नको."

नको म्हणेपर्यंत नखानं ओढलीच. कात फाटली, खालचं कोवळं कातडं रक्ताळलं. तिकडं दगडाच्या खांद्याला तडा गेला. पुढं बरेच दिवस आत्याबाईंनी स्वतःच्या वेणीलाही हात लावला नाही.

पुन्हा कोमट पाणी, पुन्हा सुकं फडकं. तेवढ्यात वर्ष फिरून नागपंचमी आली. दुधाच्या वाट्या घेऊन बायका दारात उभ्या. या खेपेला आत्याबाईच उंबऱ्यावर आडव्या झाल्या. "पाटावर चंदनाचा नाग काढलाय, त्याला वाहा. त्याचं कातडं जळलेलं नाही."

"आणि खऱ्याला?"

"खऱ्याला एकटं सोडा. तीच पूजा."

बायका कुरकुरल्या, पण पाटाशी बसल्या. आत नागाचे डोळे दुधाळ होऊन पुन्हा निवळले. तो शेवाळात शिरला, टोपलीच्या काठाला नाक घासलं आणि चालू लागला. मागं कात राहिली, तोंडापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांच्या टिकल्यांसकट.

कुमुदिनीनं ती नेऊन बापावर पांघरली. दगड मऊ झाला. हातातली कुदळ गळाली. राजाच्या खांद्यावर नखाएवढा व्रण तेवढा राहिला, तसाच नागाच्या पोटावर.

राजा म्हणाला, "गारठलो. शेगडी आणा."

कुमुदिनी म्हणाली, "आणते. पण लांब ठेवीन."

धन पुन्हा पुरलं, नाग त्यावर जाऊन बसला. गोष्ट अशीच आपल्या वेळेनं सुटू द्यावी. ओढली तर फाटते.