पडवीतला पहिला नंबर

“माझ्या आधी कोण?” डॉक्टर सबनिसांनी विचारलं.

पडवीत दुसरं चिटपाखरूही नव्हतं.

“हाय एक. बसा,” बाळगोंडा आप्पा म्हणाले आणि त्यांनी तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली.

आप्पा म्हणजे पंचक्रोशीतले हाडवैद्य. आमदार येवो नाहीतर गुराखी, माणूस नंबरानंच घेणार. आणि कुठं दुखतंय ते सांगायचं नाही. ते हातानंच शोधणार.

डॉक्टर कसेबसे टेकले. तीन महिने पाठ सरळ होत नव्हती. नेटवर शोधून मणके दाबून बसवणारा पाच ताऱ्यांचा कायरोप्रॅक्टर गाठला, काडीचा गुण आला नाही. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं, त्यांच्याच पॉलिक्लिनिकमध्ये, त्यांच्याच भागीदाराच्या हातून. हजारो माणसं त्याच्याकडे धाडणारा हा माणूस स्वतःची पाळी आल्यावर मात्र घाबरून इथं पळून आला होता.

“आमच्याकडे सात तज्ज्ञ आहेत, एका छताखाली,” तरीही फाइल पुढे करत ते म्हणाले. “पेशंट पहिल्या खोलीत शिरला की तपासून थेट सातवीतून बाहेर.”

“आणि हात कोण लावतो?”

“हात? … रिपोर्ट असतो ना.”

आप्पांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ते डॉक्टरांच्या खांद्यामागे बघत म्हणाले, “चला, दोघंबी आत चला.”

म्हातारा चळला, असं डॉक्टरांना वाटलं. ते आत जाऊन घोंगडीवर पालथे झोपले.

मानेवर हात टेकला. गार, हलका. एकेक मणका चाचपत तो खाली उतरला. बांगड्या किणकिणल्या. नेमक्या दुखऱ्या जागी तो थांबला.

“बरोब्बर तिथंच, आप्पा!”

“दम धरा की,” आप्पांचा आवाज अंगणातून आला. “हात धुतोय अजून.”

डॉक्टरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी मान वळवून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. पाठीवरचा हात मात्र तसाच होता.

“आप्पा … घरात बाई कोण आहे?”

“माझ्या घरात कोण न्हाई.” आप्पा हात पुसत दारात आले. “तुमच्यासंगं आलीया. हिरव्या बांगड्यांची.”

…

“गोदाक्का,” डॉक्टर पुटपुटले.

अकरा महिने ती त्या सात खोल्यांतून फिरली होती. दर वेळी म्हणायची, ‘डॉक्टर, एकदा पाठीला हात तरी लावून बघा की.’ आणि ते म्हणायचे, ‘आधी रिपोर्ट येऊ दे.’ शेवटचा रिपोर्ट आला त्याच दिवशी ती गेली. त्याच आठवड्यात डॉक्टरांची पाठ धरली.

भीती होतीच, पण त्याहून लाज वाटली. ते धडपडत उठून बसले.

“माझं राहू द्या, आप्पा. आधी तिला बघा. मी थांबतो.”

घोंगडीवर डॉक्टर झोपले होते त्याच्या शेजारी, कुणीतरी आत्ताच पालथं पडावं तशी लोकर हळूच दबली.

आप्पांनी कोमट तेलाची वाटी उचलली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

“हात धुऊन या,” ते म्हणाले. “तिचा नंबर तुमच्याकडं लागलाय.”